दुःखाचे नाव न घेता: संयत कथा लिहिण्याची रीत

आई गेल्यावर पंधरा दिवसांनी दोन भाऊ तिच्या स्वयंपाकघरातली भांडी वाटून घ्यायला बसतात, एवढ्याच प्रसंगावर कथा लिहायची आहे असे समजू. घर विकायचे ठरले आहे. भावाभावांत तंटा नाही, कोर्टकचेरी नाही, कुणाचे गुपित बाहेर येणार नाही. असा प्रसंग हाती घेतला की पहिला मसुदा बहुधा पुढीलप्रमाणे उतरतो, आणि माझाही तसाच उतरला होता:

'आईच्या रिकाम्या स्वयंपाकघरात पाऊल टाकताच थोरल्याला गलबलून आले. ज्या हातांनी या भांड्यांत मायेने रांधले, ते हात आता कधीच दिसणार नव्हते! धाकट्याच्या डोळ्यांच्या कडा ओलावल्या. इतकी वर्षे आपण एकमेकांपासून किती दूर गेलो, ही जाणीव दोघांचेही काळीज कुरतडत होती... शब्द मुके झाले होते.'

यातली एकही भावना खोटी नाही. अशा वेळी माणसांना गलबलून येते आणि डोळेही ओलावतात. तरीही हा परिच्छेद वाचून वाचक कोरडाच राहतो, कारण दुःख ओळखण्याचे, त्याला नाव देण्याचे आणि त्यावर रडण्याचे सगळे काम पानावरच उरकलेले आहे. वाचकाला फक्त एक निकाल कळवला गेला आहे. तो निकाल ज्या पुराव्यावरून काढला, तो पुरावा त्याच्यासमोर ठेवलेलाच नाही. शांत, संयत कथा मनाला इतकी खोलवर का लागते याचे उत्तर मला या एका मुद्द्यात सापडते: भावना लेखकाच्या हातून सुटून वाचकाच्या मनात तयार होते, आणि जे आपल्या मनात तयार झाले ते आपल्याला परके वाटत नाही. हाच मसुदा हाताशी ठेवून ही रीत पायरी-पायरीने पाहू.

नाव घेण्याचा दोष, आणि त्याच्या उलटचा दोष

संयम ही पश्चिमेकडून आलेली आधुनिक फॅशन आहे असे कधीकधी ऐकू येते. ते खरे नाही. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये मम्मटाने 'काव्यप्रकाश' हा काव्यशास्त्रावरचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात रसदोषांची जी यादी आहे, तिच्या अगदी आरंभीच व्यभिचारी भाव (येणारे-जाणारे तात्पुरते भाव), रस आणि स्थायी भाव (शोकासारखे मूळ, टिकून राहणारे भाव) यांचा त्यांच्या नावानेच उल्लेख करणे हा दोष म्हणून दिला आहे. शोक दाखवायचा असेल तर 'शोक' हा शब्द लिहून तो निर्माण होत नाही, इतकी साधी ही गोष्ट आहे. पण त्याच यादीत लगेच पुढे आणखी एक दोष येतो, आणि तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे: विभाव (भाव जागवणारी कारणे) आणि अनुभाव (भावाच्या बाहेर दिसणाऱ्या खुणा) वाचकाला ओढूनताणून, कष्टाने कल्पावे लागणे. भावनेचे नाव घेऊ नये हे तर खरेच, परंतु ती कशामुळे उत्पन्न झाली आणि बाहेर कशी दिसली हे वाचकाला कोड्यात टाकून सांगणेही तितकेच चुकीचे. संयत लेखनाची वाट या दोन दोषांच्या मधून जाते. नव्या लेखकांपैकी जे पहिला दोष टाळायला शिकतात, त्यांतले पुष्कळजण दुसऱ्यात जाऊन पडतात असा माझा अनुभव आहे.

म्हणून पहिली पायरी अशी. मसुदा घ्या, पेन्सिलीने भावनांची सगळी नावे अधोरेखित करा: दुःख, हुरहुर, पोरकेपण, माया, अपराधीपणा. त्यांच्याबरोबर झिजलेले वाक्प्रचारही अधोरेखित करा, म्हणजे काळजात चर्र होणे, पोटात खड्डा पडणे, पायाखालची वाळू सरकणे, हुंदका दाटून येणे. हे वाक्प्रचार कधी काळी कुणाच्या तरी अंगाने भोगलेले होते. आता ते भावनेची नुसती पाटी झाले आहेत. मग प्रत्येक अधोरेखित शब्दापुढे समासात एक प्रश्न लिहा: हे मला कशावरून कळले? उत्तर देता आले तर ते उत्तर कथेत घ्या आणि शब्द खोडा. उत्तर देता आले नाही तर ती भावना अजून तुम्हालाच नीट माहीत नाही, असे समजून थोडे थांबा.

वस्तुस्थिती लपवू नये

यानंतरची पायरी मी मुद्दाम वेगळी काढतो, कारण येथे सर्वांत जास्त घोटाळा होतो. संयम भावनेच्या बाबतीत पाळायचा असतो, माहितीच्या बाबतीत नव्हे. कोण मेले, केव्हा मेले, बोलणारी दोन माणसे एकमेकांची कोण, ती कुठे बसली आहेत, हे वाचकाला पहिल्या काही ओळींतच कळले पाहिजे. सहाव्या पानावर 'म्हणजे आई वारली होती तर!' असा धक्का देण्यासाठी पाच पाने धूसर ठेवणारी कथा शांत नसते. ती केवळ माहिती दाबून ठेवते, आणि वाचकाचे सगळे लक्ष तर्क लढवण्यात खर्ची पडल्यामुळे सहानुभूतीला जागा उरत नाही.

अंतोन चेखॉव्ह या रशियन लेखकाची १८८६ सालची 'तोस्का' (म्हणजे गहिरे दुःख) ही कथा या बाबतीत मला सर्वांत मोठी शिकवणी वाटते. बर्फ पडत असलेल्या पीटर्सबर्गमध्ये इओना पोतापॉव्ह हा म्हातारा घोडागाडीवाला गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला आहे. पहिलेच गिऱ्हाईक, एक लष्करी अधिकारी, गाडीत बसते आणि इओना त्याला सांगून टाकतो की माझा मुलगा याच आठवड्यात वारला. काही लपवलेले नाही. अधिकारी विचारतो, कशाने? इओना सांगतो की तापाने असावा, तीन दिवस इस्पितळात होता. एवढ्यात रस्त्यावर कुणीतरी ओरडते, गाडी हाकायची असते, आणि बोलणे तुटते. पुढे तीन टवाळ तरुण येतात, मग एक दरवान, मग रात्री मुक्कामाच्या जागी पाणी प्यायला उठलेला एक तरुण गाडीवाला. प्रत्येक वेळी इओना सांगू पाहतो आणि प्रत्येक वेळी ऐकणारा निसटतो. अखेरीस तो तबेल्यात जाऊन आपल्या घोडीला सांगतो: समज, तुला एक शिंगरू असते आणि ते अचानक गेले असते, तर? घोडी चारा चघळते, ऐकते, धन्याच्या हातांवर श्वास सोडते.

ही कथा वाचताना पेन्सिल हातात ठेवा. लक्षात येईल की चेखॉव्ह दुःखाचे नाव मुळीच घेत नाही असे नाही. कथेच्या शीर्षकातच ते आहे, आणि मध्यावर एका ठिकाणी निवेदक त्या दुःखाच्या अफाटपणाबद्दल उघड बोलतो. पण घोडीपाशी तो गप्प बसतो. म्हणजे नाव घेण्याची बंदी नाही. कुठे घ्यावे आणि कुठे मुळीच घेऊ नये याचा विवेक आहे. जिथे वाचकाचे मन भरून येणार, त्या जागेवर लेखकाने बोट ठेवलेले नाही. याच चेखॉव्हने १८९२ साली लिडिया अविलोवा या लेखिकेला पत्रातून कळवले होते की दुःखी माणसांचे चित्रण करून वाचकाच्या मनात करुणा जागवायची असेल तर लिहिताना अधिक थंड राहावे. त्या थंडपणामुळे दुःखाला एक पार्श्वभूमी मिळते आणि ते तिच्यावर उठून दिसते. तो पेशाने डॉक्टर होता हे वाचताना मला नेहमी आठवते. रोग्याच्या उशाशी बसून रडणाऱ्या डॉक्टरापेक्षा शांतपणे नाडी पाहणारा डॉक्टर रोग्याच्या अधिक जवळ असू शकतो.

हाताला काम द्या

आता पात्रांकडे वळू. दुःखातली माणसे सहसा दुःखाबद्दल बोलत नाहीत. ती काहीतरी करत असतात. नाट्यशास्त्रकार भरताच्या परंपरेत जे ३३ व्यभिचारी भाव मोजले आहेत, त्यांत 'अवहित्था' नावाचा एक भाव आहे. अवहित्था म्हणजे मनातला भाव झाकून ठेवणे. झाकणे हाच एक भाव मानण्याइतकी सूक्ष्म नजर त्या शास्त्रकारांकडे होती, याचे मला अतिशय अप्रूप वाटते. 'कुमारसंभवा'च्या सहाव्या सर्गातला प्रसंग त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. शंकराच्या वतीने आलेले ऋषी हिमालयाकडे पार्वतीला मागणी घालत आहेत, पार्वती वडिलांच्या शेजारी मान खाली घालून बसली आहे, आणि कालिदास तिच्याबद्दल फक्त इतके सांगतो की ती हातातल्या कमळाच्या पाकळ्या मोजत होती. लाज, आनंद, अधीरता, वडिलांचा धाक, यांतले काहीही लिहिलेले नाही. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' या काव्यातल्या सूचित अर्थावरच्या ग्रंथात हा श्लोक उदाहरण म्हणून घेतला, तो उगीच नाही.

मोजणे ही क्रिया मी तेथूनच उचलली. माझे दोन भाऊ भांडी मोजतात. मराठी घरांतल्या भांड्यांवर नावे घातलेली असतात ही गोष्ट या कथेच्या फार उपयोगी पडते, कारण प्रत्येक परातीवर आणि तांब्यावर कुणाचे तरी नाते, निमित्त आणि तारीख कोरलेली असते. ती नुसती वाचून दाखवली की एका संसाराचा इतिहास आपोआप उलगडतो, आणि त्यासाठी निवेदकाला 'आईने किती कष्टाने संसार उभा केला' असे सांगावे लागत नाही. वस्तू निवडताना मी एवढेच पाहतो की ती त्या घरात असणारच होती का. भावना दाखवण्यासाठी बाहेरून आणून ठेवलेली वस्तू, उदाहरणार्थ कोमेजलेले फूल, विझलेली पणती, बंद पडलेले घड्याळ, वाचक लगेच ओळखतो. पोचा आलेले फुलपात्र मात्र प्रत्येक फडताळात असतेच.

पण वस्तू आणि काम एवढ्यावर कथा उभी राहत नाही. शांततेखाली दाब हवा. लिहायला बसण्याआधी मी प्रत्येक पात्रासाठी वहीत दोन गोष्टी लिहून ठेवतो: याला या क्षणी काय हवे आहे, आणि ते तो उघड का मागू शकत नाही. धाकट्याला थोरल्याच्या घरी पुन्हा जाणे-येणे सुरू व्हावे असे वाटते. पण सहा वर्षांपूर्वी त्याच्या वास्तुशांतीला थोरला आला नव्हता आणि तेव्हापासून धाकट्यानेच जाणे सोडले, त्यामुळे ते मागायला त्याची जीभ उचलत नाही. थोरल्यालाही तो यायला हवा आहे. पण आपली चूक झाली असे धाकट्या भावापुढे म्हणण्याची या घरात रीत नाही. वास्तुशांतीचा हा प्रसंग कथेत एका शब्दानेही येणार नाही. तो मला पक्का माहीत आहे एवढे पुरते, कारण त्यामुळे प्रत्येक संवादाला कुठून ताण द्यायचा आणि कुठे सैल सोडायचे हे ठरते. ज्या कथेत कुणालाच काही नको असते ती शांत दिसली तरी रिती असते, आणि रितेपणाला संयम समजण्याची चूक संपादकांकडूनही होताना मी पाहिली आहे.

आता दुसरा मसुदा:

'वहिनीने चहा आणून ठेवला. "भावोजी, साखर चालते ना अजून?"

"चालते."

थोरल्याने परात उलटी करून खिडकीच्या उजेडात धरली. "सौ. मथुरा हिस, मामांकडून. तारीख पुसली गेलीय."

"अडुसष्ट," धाकटा म्हणाला. "लग्नातली आहे."

"ही तू घे."

"तुमच्याकडे माणसं जास्त."

परात थोरल्याच्या बाजूला गेली. मग पातेली, एक इकडे, एक तिकडे. ताटे सहा होती, ती तीन-तीन झाली. वाट्या अकरा निघाल्या. थोरल्याने त्या पुन्हा मोजल्या.

"बारावी माझ्याकडे आहे," धाकटा म्हणाला. "होस्टेलला जाताना तिनं डब्याबरोबर दिली होती."

"मग तुला पाच, मला सहा."

"हो."

फडताळाच्या तळाशी हात घातला तेव्हा एक फुलपात्र लागले. त्यावर नाव नव्हते आणि काठाला पोचा आला होता. थोरल्याने ते दोन्ही ढिगांच्या मधे ठेवले.

"हे तू ने."

"राहू दे तुझ्याकडे," धाकटा म्हणाला. "मी आलो की पाणी यातच दे."

थोरल्याने फुलपात्र उचलून परातीत ठेवले. "साय काढून टाक," तो म्हणाला. "चहा गार झाला असेल."'

पहिल्या मसुद्यातली 'इतकी वर्षे आपण एकमेकांपासून किती दूर गेलो' ही ओळ येथे वहिनीच्या एका प्रश्नात आली आहे. सख्ख्या दिराच्या चहात साखर घालायची की नाही हे ज्या घरात विचारावे लागते, त्या घरातले अंतर वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय 'अजून' या शब्दात मधल्या वर्षांत मधुमेह झाला असल्यास आम्हाला कळलेही नसेल, असा एक अर्थ आहे. अकरा वाट्यांचा हिशेब मी बराच वेळ जुळवत होतो. तो जुळतो म्हणजे काय होते, तर धाकटा स्वतःहून सांगतो की माझ्याकडे एक आधीच आहे, थोरला ती मोजतीत धरतो, आणि दोघेही त्यावर वाद घालत नाहीत. या दोन माणसांत अजून न्याय आहे आणि विश्वासही आहे, हे तेवढ्या तीन वाक्यांत कळते.

मराठीचे स्वतःचे संयम

संयत लेखनाची साधने बाहेर शोधण्याआधी आपल्या बोलण्यात ती किती आहेत ते पाहावे. घरातून निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, हे आपल्याला लहानपणीच शिकवले जाते. बांगडी फुटली तरी ती 'वाढवली' म्हणतात, दिवा 'विझवला' न म्हणता 'शांत केला' म्हणतात, आणि माणूस 'गेला' म्हणतात. अशुभाचे नाव न घेण्याची ही सवय म्हणजे नुसती अंधश्रद्धा नव्हे. नाव घेतल्याने गोष्ट जवळ येते हे भाषेने ओळखले आहे, आणि लेखकाला याच ओळखीचा उपयोग करायचा असतो. इस्पितळाच्या दारात आजारी माणसाने मुलाला 'येतो हं' म्हटले, तर त्यापुढे एक शब्दही लिहायची गरज उरत नाही.

नवऱ्याचे नाव न घेण्याची जुनी रीत हीदेखील अशीच एक खाण आहे. चाळीस वर्षे 'अहो' आणि 'हे' एवढ्यावर निभावलेली, फक्त उखाण्यात नाव घेतलेली बाई मृत्यूची नोंद करायला कचेरीच्या खिडकीशी उभी आहे, आणि कारकून विचारतो, "नाव?" या प्रसंगात तिने नाव कसे सांगितले, एका दमात की अडखळत, पूर्ण की आडनावापासून, की बरोबरच्या मुलाकडे पाहिले, एवढेच लिहायचे. तो शब्द तिने पहिल्यांदा उखाण्यावाचून उच्चारला, हे निवेदकाने सांगितले की कथा संपली असे समजावे. वाचकाला ते सांगण्याची गरज नसते, कारण ती रीत त्याच्याच घरातली आहे. मराठी वाचकासाठी मराठीत लिहिण्याचा हा फार मोठा फायदा आहे आणि तो आपण पुरेसा घेत नाही.

याहून लहान साधने म्हणजे 'च', 'ही', 'तर', 'ना', 'तरी' हे शब्द. 'तो आला', 'तोही आला', 'तोच आला' आणि 'तो आलाच' यांत चार वेगळ्या कथा आहेत. 'तू' आणि 'तुम्ही' यांतला बदलही तसाच. एकमेकींना 'तू' म्हणणाऱ्या दोन बहिणींपैकी एकीने वाटणीच्या बोलणीत 'तुम्ही लोक' म्हटले की काहीतरी तुटलेले असते, आणि ते दाखवायला रागाने थरथरणारे ओठ लागत नाहीत. संवादाचा मसुदा झाला की केवळ या शब्दांसाठी एकदा तो पुन्हा वाचावा.

संवादात आणखी एक जुनी युक्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या 'गाथासप्तशती' या प्राचीन गाथासंग्रहात एक बाई एका धार्मिक माणसाला सांगते की आता निर्धास्तपणे हिंड. तुला त्रास देणाऱ्या कुत्र्याला गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने आजच मारले. वरवर ते निमंत्रण आहे. खरे तर प्रियकराला चोरून भेटण्याच्या तिच्या जागेकडे त्याने पुन्हा फिरकू नये यासाठीची ती धमकी आहे. बोललेला अर्थ आणि पोचलेला अर्थ एकमेकांच्या विरुद्ध असू शकतात, याचा हा दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्याच नदीकाठचा पुरावा. माझ्या कथेत थोरला 'साय काढून टाक' म्हणतो तेव्हा तो चहाबद्दल बोलत नसतो, हे आता वेगळे सांगायला नको.

विरामचिन्हांबद्दल थोडक्यात सांगतो. सलग तीन टिंबे आणि उद्गारचिन्ह ही आपल्या कथालेखनातली जुनी दुखणी आहेत. मसुद्यात ती मोजा आणि सगळी काढून टाकून वाचा. ज्या वाक्याला खरोखर गरज असेल तेथे एखादे परत घाला. 'खिन्नपणे हसला', 'हळुवारपणे म्हणाली' यांतली क्रियाविशेषणेही तशीच काढा, आणि त्यांचे काम क्रियापदावर सोपवा. डबा ठेवला, सरकवला, टेकवला, आपटला: निवड नीट झाली की क्रियाविशेषण लागत नाही.

परिसराच्या वर्णनाबाबत मात्र घाई करू नये. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त, १९५५ साली आलेल्या त्या छोट्या कादंबरीत, दुष्काळ पडतो आणि धनगरांची वाडी ओस पडत जाते. ती वाचताना छाती भरून येते, पण निवेदक मास्तर आपल्यापुढे छाती पिटत नाही. तो माणसे, मेंढरे, पाणी, वाटा यांच्याबद्दल नेमके बोलतो. ते नेमकेपण आधीच्या प्रकरणांत इतके साठलेले असते की शेवटी गोष्टी एकेक करून नाहीशा होऊ लागल्या की त्यांचे नसणेच दिसू लागते. संयम हा शेवटच्या पानावर आणता येत नाही. आधीच्या पानांवर जे भरभरून दिले असेल, तेच शेवटी काढून घेता येते. म्हणून शांत कथा लिहिताना कंजूषपणा करू नका. परातीवरचे नाव, फडताळाची खोली, चहावरची साय ही भरपूर द्या, आणि त्यांचा अर्थ तेवढा स्वतःकडे ठेवा.

वाचून पाहणे आणि थांबणे

मसुदा झाला की निदान पंधरा दिवस बाजूला ठेवावा आणि मग मोठ्याने वाचावा. वाचताना ज्या ओळीवर आपला आवाज आपोआप जड होतो, तिच्याकडे संशयाने पाहावे. बहुधा तेथे लेखक स्वतःच पुढे येऊन उभा राहिलेला असतो. नंतर दोन वाचकांना तो द्यावा आणि 'आवडली का?' असे न विचारता 'काय झाले?' असे विचारावे. 'कोण गेले ते कळले नाही' असे उत्तर आले तर मम्मटाचा दुसरा दोष घडला आहे. आरंभी जा आणि सरळ लिहा की आई गेली. 'दोन भाऊ खूप दुःखी होते' असे उत्तर आले तर पहिला दोष कुठेतरी शिल्लक आहे. 'तो धाकटा पुन्हा यायला लागेल असे वाटते' असे कुणी म्हणाले, म्हणजे तुम्ही न लिहिलेली गोष्ट त्याने वाचली. दोन वाचकांची उत्तरे वेगळी आली तर घाबरू नये. 'सूर्य मावळला' एवढ्या एका वाक्यातून गुराख्याला गुरे वळवण्याची, मजुराला काम थांबवण्याची, प्रेयसीला निघण्याची आणि ब्राह्मणाला संध्येची वेळ कळते, हे मम्मटानेच दाखवले आहे. वाक्य एकच, आणि प्रत्येकाला मिळालेला अर्थ त्याच्या परीने खराच.

शेवटाबद्दल एक सांगायचे राहिले. पहिल्या मसुद्याच्या शेवटी मी 'त्या फुलपात्रात दोघांनाही आईच दिसत होती' असे एक वाक्य लिहिले होते. ते गेले. मग कथा 'मी आलो की पाणी यातच दे' या ओळीवर संपत होती, आणि ती ओळ चांगली असल्यामुळेच तिच्यावर संपणे मला खटकू लागले. धाकटा आपल्या वाक्याकडे वाचकाचे लक्ष वेधतो आहे असे वाटे. सर्वांत वरच्या स्वरानंतर एक खालचा, साधा स्वर हवा होता, म्हणून साय आणि चहा आले. आपल्या कथेचा शेवटचा परिच्छेद झाकून वाचून पाहा, मग शेवटची दोन वाक्ये झाकून पाहा. कथा आधीच संपलेली असेल तर झाकलेले ठेवा. ती एखाद्या टाळीच्या वाक्यावर संपत असेल तर त्यापुढे घरातले एखादे रोजचे वाक्य घाला.

आणि धाकटा पुढे खरोखर आला का, असे कुणी विचारलेच, तर उत्तर देऊ नका; पण तुम्हाला ते माहीत असले पाहिजे. माझ्या वहीत तो येतो, दीड वर्षाने, दिवाळीनंतर. वहिनी पाणी काचेच्या पेल्यातून आणते, आणि थोरला उठून आत जातो.